ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या त्या बायका चोरीच्या शिक्षेवर गेल्या होत्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियातील वसाहतीच्या आरंभाविषयी लेख आला होता. इंग्रजांनी इंग्लंडमधल्या वेश्या आणि खुनी बायका जहाजात कोंबून तिकडे नेऊन टाकल्या, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. ते चुकीचे आहे. ज्या बायकांना स्वतःची बाजू मांडायची संधी जिवंतपणी मिळाली नाही, त्यांच्या माथी दोनशे वर्षांनी पुन्हा तोच डाग लावला गेला, याचे आम्हाला वाईट वाटले. खान्देशातली मुलेमुली आता मेलबर्न, सिडनी, पर्थला शिकायला जातात. घरच्यांना त्या देशाबद्दल कुतूहल असते आणि छापून आलेले आपल्याकडे अजून खरे मानले जाते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी, ही विनंती.

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेले गेले. त्यांत बायका सुमारे २५,०००. ढोबळमानाने त्यांतल्या निम्म्या न्यू साउथ वेल्समध्ये उतरल्या आणि निम्म्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे १८४० मध्ये बंद झाले आणि टास्मानियात कैदी बायकांचे शेवटचे जहाज १८५३ मध्ये लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियात पुढे १८६८ पर्यंत गेले ते फक्त पुरुष कैदी.

आता गुन्हा. वेश्याव्यवसाय हा इंग्लंडच्या कायद्यात हद्दपारीचा गुन्हाच नव्हता. खुनाच्या आरोपावरून गेलेल्या बायका सापडतात, पण फार थोड्या. बहुतेक सगळ्या चोरीवर गेल्या. दुकानातून कापड उचलणे, मालकिणीच्या घरातला चमचा किंवा चादर नेऊन गहाण टाकणे, खिसा कापणे, चोरीचा माल विकत घेणे, एवढीच ती चोरी. घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संख्या त्यांत मोठी आहे. मालकाच्या घरात वस्तू रोज हाताखालून जात, आणि हिशेब चुकला की संशय आधी तिच्यावरच येई. शिक्षा बहुतेकींना सात वर्षांची. चौदा वर्षे आणि जन्मठेप त्या मानाने कमी.

एवढ्याशा चोरीला समुद्रापार पाठवायचे कारण कायद्याच्या किमतीच्या पायऱ्यांत आहे. एक शिलिंगपेक्षा, म्हणजे बारा पेन्सपेक्षा जास्त किमतीची चोरी अठराव्या शतकात ‘मोठी चोरी’ ठरे. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला किंवा राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज नेला, तर कायद्यात फाशी होती. ज्यूरीतली माणसे काही दगडाची नव्हती. ती मालाची किंमत मुद्दाम पाडून धरत. चाळीसच्या जागी एकोणचाळीस शिलिंग, पाच शिलिंगांच्या जागी चार शिलिंग दहा पेन्स. त्यामुळे गळ्यातला फास सुटे आणि हद्दपारी पदरात पडे. तेव्हा जुन्या निकालपत्रात ‘एकोणचाळीस शिलिंग’ असा आकडा दिसला तर तो बाजारभाव समजू नये. बारा जणांनी मिळून एका बाईचा जीव वाचवल्याची ती खूण असू शकते.

उदाहरणादाखल दोन नावे घेतो, दोन्ही १७८८ मध्ये कैदी घेऊन पोचलेल्या पहिल्या जहाजताफ्यातली. एलिझाबेथ बेकफर्ड ही सत्तर वर्षांची म्हातारी. बारा पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो ग्लॉस्टर चीज चोरले म्हणून सात वर्षे. ‘लेडी पेनऱ्हिन’ जहाजावर वाटेतच ती वारली. एस्थर अब्राहम्स ही विशीच्या आतबाहेरची मुलगी. चोवीस यार्ड काळी रेशमी लेस उचलल्याचा तिच्यावर आरोप होता, तिलाही सात वर्षे. तुरुंगात तिला मुलगी झाली आणि त्या तान्ह्या लेकराला घेऊनच ती जहाजावर चढली. पुढे ती लेफ्टनंट जॉर्ज जॉन्स्टनची बायको म्हणून सिडनीच्या मोठ्या घरांपैकी एका घराची मालकीण झाली. यांत खुनी कोण आणि वेश्या कोण, हे लेखकाने सांगावे.

मग बायकांनाच एवढ्या सरसकट का पाठवले? याचे उत्तर खुद्द ब्रिटिश संसदेच्या समितीने १८१२ च्या अहवालात देऊन ठेवले आहे. पुरुष कैद्यांची निवड होत असे. पन्नाशीच्या आतले, शक्यतो जन्मठेपेचे किंवा चौदा वर्षांचे आधी घ्यायचे आणि जागा उरली तर सात वर्षांवाल्यांतले दांडगट घ्यायचे. बायकांना अशी चाळणी नव्हती. प्रकृती झेपण्यासारखी असेल आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर अपवाद न करता सगळ्यांना पाठवायचे. म्हणजे त्याच चोरीवर सात वर्षे झालेला पुरुष कदाचित इंग्लंडमध्येच शिक्षा भोगून सुटे आणि बाई मात्र नक्की जहाजावर चढे. वसाहतीत पुरुषांच्या मानाने बायका फारच कमी होत्या. सरकारला त्या मजुरीला हव्या होत्या आणि संसाराला हव्या होत्या. पंचेचाळीसची अट कशासाठी, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षा सात वर्षांची असली तरी परतीचे भाडे सरकार देत नसे. सुटलेला पुरुष जहाजावर खलाशाचे काम करून फुकट मायदेशी पोचू शकत असे. बाईला ती वाट नव्हती. त्यामुळे कागदावर सात वर्षे आणि प्रत्यक्षात आईबाप, भावंडे, कित्येकदा मागे राहिलेली पोरेबाळेही कायमची तुटली. आपल्याकडे १८५८ पासून लोकांना अंदमानला धाडू लागले, तेव्हा ‘काळे पाणी’ म्हटले की घरातले रडणे उसळे. त्याच जातीची ही शिक्षा होती, फक्त दिशा वेगळी.

पहिला ताफा अकरा जहाजांचा. १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून निघाला, जानेवारी १७८८ मध्ये पोचला. त्यात सुमारे १९० कैदी बायका होत्या आणि त्यांतल्या शंभरावर एकट्या लेडी पेनऱ्हिनवर होत्या. तयारीतला ढिसाळपणा इतका की बायकांचे कपडे बंदरातच मागे राहिले. रिओ द जानेरोला गव्हर्नर आर्थर फिलिपने कसाव्याच्या पिठाची पोती विकत घेतली, त्यात मजबूत कापडाची पोती कैद्यांच्या अंगावर घालता येतील हाही हिशेब होता, असे त्याच्याच पत्रात आहे. दुसरी चूक याहून भारी पडली. कोणाची शिक्षा केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपते, हे सांगणारे कागद इंग्लंडमध्येच राहिले. वर्षभरात काही जण पुढे येऊन म्हणू लागले की आमची मुदत भरली, आणि ते पडताळायला गव्हर्नरकडे काहीच नव्हते.

पुढच्याच खेपेत कंत्राटाचा फरक उघडा पडला. ‘लेडी जुलियाना’ हे फक्त बायकांचे जहाज १७८९ च्या जुलैत निघाले आणि ३ जून १७९० रोजी सिडनीला लागले. दहा महिन्यांहून जास्त प्रवास, सव्वादोनशेच्या आसपास बायका, पण मृत्यू अगदी थोडे, कारण वाटेतल्या बंदरांत मुक्काम झाले, ताजे अन्न मिळाले, जहाज स्वच्छ ठेवले गेले. त्याच महिन्यात मागून आलेल्या ‘नेपच्यून’, ‘सरप्राइझ’ आणि ‘स्कार्बरो’ या तीन जहाजांवर सुमारे चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले. त्यांतल्या नेपच्यूनवर काही बायकाही होत्या. हे कंत्राट गुलामांची वाहतूक करणाऱ्या पेढीकडे होते. दर डोई १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि पैसे मिळायचे ते चढवलेल्या कैद्यांवर. उतरवलेल्यांवर नाही. कैदी मेला की त्याचे अन्न उरे आणि ते बंदरावर विकता येई. कैद्यांच्या चालचलणुकीचा या मरणांशी काही संबंध नव्हता. करारातल्या त्या एका अटीने माणसे मेली.

यात खरी सुधारणा व्हायला १८१४ उजाडावे लागले. त्या वर्षी आलेल्या तीन जहाजांवर पुन्हा खूप माणसे दगावली. विल्यम रेडफर्न या डॉक्टरने कारणे शोधून अहवाल दिला. तो स्वतः एके काळचा कैदी. त्यानंतर प्रत्येक कैदी जहाजावर सरकारी सर्जन नेमला जाऊ लागला. कैद्यांच्या बाबतीत कप्तानापेक्षा त्याचा शब्द चाले आणि धडधाकट उतरलेल्या कैद्यांमागे त्याला बक्षिशी मिळे. बक्षीस जिवंत माणसाला जोडले गेल्याबरोबर मृत्यू झपाट्याने खाली आले.

या कैदी जहाजांच्या पोटातली रचना सांगण्यासारखी आहे. खालच्या मजल्यावर दोन्ही कडांना दोन थरांच्या लाकडी फळ्या. सहा फूट लांब-रुंद फळीवर चार जण, म्हणजे माणशी दीड फूट. सहा-सहा जणींची एक पंगत, त्यातली एक जण शिधा आणून वाटायची. सकाळी हवा बरी असली की सगळे अंथरूण वर डेकवर आणायचे. खालची जमीन पाण्याने धुवायची नाही, कोरड्या दगडाने घासायची, कारण ओल राहिली की खोकला आणि सांधेदुखी सुरू होते असा सर्जनांचा अनुभव. वास मारू लागला की क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर शिंपडायची. हवेसाठी कापडी शिडाची नळी वरून खाली सोडायची. काही आठवडे झाले की रोज एक औंस लिंबाचा रस आणि तेवढीच साखर, म्हणजे हिरड्या सुजून दात हलू लागत नाहीत. बायकांच्या जहाजावर चहाही मिळे. बिघाड व्हायचा तो वादळात. झडपा बंद कराव्या लागत, खाली अंधार, उलट्या, ओले अंथरूण, आणि आठवडाभर काहीच वर नेता येत नसे. सर्जनांच्या रोजनिश्यांत तान्ह्या मुलांचे जुलाब आणि ताप अशाच दिवसांनंतर वाढलेले दिसतात.

तुरुंगातून बंदरापर्यंतची वाटही आधी याहून बरी नव्हती. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून बायकांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून नेत आणि रस्त्यावरचे लोक चिखल फेकत. एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथाच्या बाईने १८१८ पासून बंद गाड्यांचा आग्रह धरला आणि ती स्वतः त्या गाड्यांमागे बंदरापर्यंत गेली. तिच्या मंडळाकडून प्रत्येक बाईला एक पिशवी मिळे. बायबल, अ‍ॅप्रन, टोपी, सुया, दोरा, कात्री, कंगवा, गरज असेल तिला चष्मा आणि साधारण दोन पौंड वजनाचे कापडाचे तुकडे. चार महिने रिकामे हात असले की भांडणे होतात, म्हणून हे तुकडे. शिवलेली गोधडी विकून उतरताना चार पैसे गाठीला असावेत, हाही विचार त्यामागे होता.

अशी एक गोधडी आजही शाबूत आहे. ‘राजा’ नावाचे जहाज ५ एप्रिल १८४१ रोजी वूलिचहून १८० बायकांना घेऊन निघाले आणि १९ जुलैला होबार्टला पोचले. केझिया हेटर ही तरुणी त्यांच्यावर देखरेखीला होती. त्या १०५ दिवसांत बायकांनी २,८१५ तुकडे जोडून सव्वातीन मीटरहून लांब-रुंद चादर शिवली. मधल्या चौकटीत पक्षी आणि फुले, भोवती चौकटीमागून चौकट, आणि कडेला भरतकामात मंडळाच्या बायकांचे आभार मानणारा मजकूर. कापड जवळून पाहिले की शिवणाऱ्या हातांतला फरक कळतो. काही टाके एका मापाचे, काही नवशिक्या बोटांचे, आणि सुई टोचून पडलेले रक्ताचे ठिपकेही त्यात आहेत. ही गोधडी १९८७ मध्ये एडिंबरातल्या एका माळ्यावर सापडली आणि आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, त्यांना त्या कडेचे कष्ट लगेच कळले असते. ‘वेश्या आणि खुनी’ लिहिण्यापूर्वी लेखकाने त्या गोधडीचा फोटो तरी पाहायला हवा होता.

सगळी जहाजे पोचली नाहीत. ‘अ‍ॅम्फिट्राइट’ हे जहाज १८३३ च्या ऑगस्टअखेर फ्रान्सच्या बुलोन बंदराजवळ वाळूत रुतले. आत १०८ कैदी बायका आणि १२ मुले. किनारा डोळ्यांसमोर होता, मदतीला नावही आली होती, पण कैदी पळून जातील आणि जबाबदारी आपल्यावर येईल या धास्तीने त्यांना उतरवले नाही. भरतीच्या लाटांनी जहाज फुटले. वाचले तीन खलाशी. कैदी बाई किंवा मूल एकही नाही. दोनच वर्षांनी आयर्लंडमधल्या कॉर्कहून निघालेले ‘नेवा’ टास्मानियाच्या वायव्येला किंग बेटाजवळ खडकावर आपटले. दोनशेहून जास्त माणसे बुडाली, पंधरा वाचली.

आता ‘वेश्या’ हा शिक्का आला कुठून, ते पाहू. सिडनीजवळ पॅरामॅटाला १८०४ मध्ये तुरुंगाच्या वरच्या मजल्यावर दोन लांब खोल्यांत लोकर कातण्याचे काम सुरू केले. त्यालाच ‘फीमेल फॅक्टरी’ म्हणत. दिवसा काम तिथे, पण झोपायला तिथे जागा मूठभर बायकांनाच. बाकीच्यांनी रात्री गावात खोली शोधायची आणि आठवड्याला सुमारे चार शिलिंग भाडे स्वतः भरायचे. सरकारी कामाची मजुरी त्यांना एवढी मिळत नव्हती. मग भाडे कसे निघायचे, हे अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते, त्यांनी तसे लिहूनही ठेवले आहे. डोक्यावर छप्पर द्यायचे नाही, आणि छपरासाठी बाईने काही केले की तिलाच नादान म्हणायचे.

दुसरा शिक्का एका वहीतून आला. पाद्री सॅम्युअल मार्स्डन याने १८०६ मध्ये वसाहतीतल्या बायकांची यादी केली. एकूण १,४३० बायका, आणि रकाने दोनच. ‘विवाहित’ आणि ‘रखेल’. विवाहित फक्त ३९५, उरलेल्या १,०३५ सरसकट रखेल. कारण मार्स्डनच्या लेखी लग्न म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्रीने लावलेले. आयर्लंडच्या कॅथलिक बायकांचे लग्न त्याने धरले नाही, ज्यूंचे धरले नाही, एका पुरुषाबरोबर दहा-दहा वर्षे निष्ठेने संसार करणाऱ्या, शेती सांभाळणाऱ्या, चार मुलांच्या आया झालेल्या बायकाही दुसऱ्याच रकान्यात. ती वही लंडनला गेली, अधिकाऱ्यांनी वाचली, पुढच्या पुस्तकांनी उचलली, आणि फिरत फिरत आपल्या पुरवणीत आली. वहीत तिसरा रकाना असता तर आपल्या लेखातले ते विधान जन्मालाच आले नसते.

पॅरामॅटाची नवी इमारत १८२१ मध्ये सुरू झाली. गव्हर्नर मॅक्वारीने फ्रान्सिस ग्रीनवे या कैदी वास्तुकाराकडून ती बांधून घेतली. तीनशे बायकांसाठी बांधलेल्या त्या आवारात १८४२ पर्यंत बाराशेहून जास्त बायका कोंबल्या गेल्या. तिथेच कामगार म्हणून बाई निवडली जाई आणि तिथेच लग्नाच्या उमेदवारापुढे बायका ओळीने उभ्या केल्या जात. अंदमानातही पुढे कैदी पुरुषांशी कैदी बायकांची लग्ने अशीच रांग लावून जमवली गेली. ऑक्टोबर १८२७ मध्ये पॅरामॅटाचा पाव आणि साखर कमी केली, तेव्हा बायकांनी दार फोडले, गावातल्या पाववाल्यांवर आणि खाटकांवर धाड घातली आणि अ‍ॅप्रनमध्ये खाणे भरून आणले. सैन्य बोलवावे लागले. अधिकाऱ्यांनी याला दंगल म्हटले. पोटाला चिमटा बसल्यावर दुसरे काय होणार?

होबार्टची कॅस्केड्स फॅक्टरी १८२८ ची. जुनी दारूभट्टी विकत घेऊन केलेली. जागा डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, हिवाळ्यात ऊन जेमतेम शिरेल अशी. बायकांचे तीन वर्ग. पहिल्याला खूण नाही. दुसऱ्याच्या डाव्या बाहीवर मोठे पिवळे ‘सी’ हे अक्षर. तिसऱ्या, म्हणजे गुन्हेगार वर्गाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि घागऱ्याच्या मागे, अशी तीन अक्षरे. कपडे धुणे हे मुख्य काम, आणि तेच शिक्षेचेही. मालकाच्या घरी कामाला दिलेली बाई गरोदर राहिली की परत इथे. बाप कोण, याची चौकशी करून त्याला शिक्षा, असे काही नाही. बाळंत व्हायचे, काही महिने पाजायचे, मग मूल तोडायचे आणि आईने सहा महिने गुन्हेगार वर्गात काढायचे. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की अनाथालयात. ओल, दाटी, लवकर तोडलेले दूध आणि त्याऐवजी पाव-पेज, यांनी तिथे शेकडो बाळे मेली. १८३८ मध्ये एका बाळाच्या मृत्यूची चौकशी झाली, त्यानंतर पाळणाघर गावात हलवले. तेही फार सुधारले नाही. आज ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आहे, २०१० पासून.

मेरी रीबीसारखी एखादी यातून फार वर गेली. मुलाचा वेश घेऊन फिरताना घोडा चोरल्याच्या आरोपात तिला सात वर्षे झाली होती. १७९२ मध्ये सिडनीला आली, नवऱ्यामागे जहाजे, गोदामे, व्यापार सांभाळला, आणि १९९४ पासून तिचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे. पण तिच्यासारख्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांनी भाकरी भाजल्या, कपडे धुतले, पोरे वाढवली आणि नाव न ठेवता गेल्या.

धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. मूळ कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा त्यांचा हट्ट आपल्या भागाला चांगला ठाऊक आहे. इथे मूळ कागद तर घरबसल्या मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या नोंदी युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत २००७ पासून आहेत आणि टास्मानियाच्या अभिलेखागाराची नावांची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे खटलेही तसेच. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एखादी बाई घेऊन शोध घ्यायचा तर क्रम असा ठेवावा. आधी नाव आणि जहाज, दोन्ही एकत्र. नुसत्या नावाने शोधू नये, ‘मेरी स्मिथ’ आणि ‘मेरी ब्राऊन’ पुष्कळ निघतात. वसाहतीतले कारकूनही माणूस ओळखायचे ते नाव अधिक जहाज असेच. मग वर्णनाची यादी पाहावी. त्यात उंची, वय, डोळे, केस, अंगावरच्या खुणा, आणि धंदा. धंद्याच्या रकान्यात ‘स्वयंपाकीण’, ‘धोबीण’, ‘दाई’, ‘शेतावरची मजूर’ असे सापडेल. तो रकाना आपल्या लेखकाने वाचलेला दिसत नाही.

त्यानंतर वर्तनाची वही. वर शिक्षेचे ठिकाण, तारीख आणि मुदत. मुदत शिक्षेच्या तारखेपासून मोजावी, जहाज लागल्यापासून नाही, इथे बरेच जण चुकतात. मग तुरुंगाचा शेरा, सर्जनचा शेरा, आणि बाईने स्वतः सांगितलेला गुन्हा. हे तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलेले आहेत, एकत्र कालवू नयेत. काही नोंदींत ‘इतकी वर्षे रस्त्यावर होती’ अशा अर्थाचा शेरा असतो. तो शेरा आहे, गुन्हा नाही. त्या खाली वसाहतीतल्या शिक्षा येतात. रजा न घेता बाहेर, उलट बोलली, काम नाकारले, दारू प्याली. पुढे ‘धुण्याचे टब इतके दिवस’ किंवा ‘पाव-पाण्यावर कोठडी’. मालकाचे नाव शेजारीच असते. एकाच मालकाच्या घरून तीन-चार बायका पाठोपाठ तक्रारीवर परत आलेल्या दिसल्या, तर आधी त्या मालकाकडे संशयाने पाहावे. वय दोन-पाच वर्षांनी कमीजास्त निघते आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, म्हणून तीनचार प्रकारे शोधावे. आयर्लंडच्या बायकांचा खटला सापडला नाही तर नवल नाही. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागून जुनी दप्तरे गेली. अशा वेळी जहाजावरची यादी हाच आधार.

आमची मागणी साधी आहे. पुरवणीत दुरुस्ती छापताना एवढे तरी यावे: या बायका बहुतांशी चोरीच्या शिक्षेवर गेल्या, बहुतेकींची मुदत सात वर्षांची होती, आणि १८१२ च्या संसदीय अहवालानुसार त्यांची निवड वय व प्रकृतीवर झाली, गुन्ह्याच्या गांभीर्यावर नाही. मार्स्डनच्या वहीचा उल्लेख करायचा असेल तर तिचे दोन रकाने कसे ठरवले, तेही सोबत छापावे. ज्या विद्यार्थ्यांना वर सांगितलेल्या नोंदी वाचायच्या आहेत, त्यांना जुने इंग्रजी हस्ताक्षर लावायला मदत करायची आमची तयारी आहे.

कळावे,
आपले,
इतिहास शिकवणारे काही शिक्षक,
जळगाव व धुळे